होडी की लसूण

त्या इमारतीचं खरं नाव दरवाजावर पितळी अक्षरांत लिहिलेलं होतं. ते इतकं लांब होतं की शेवटच्या शब्दापर्यंत पोचलेला माणूस पहिला शब्द विसरलेला असे. म्हणून सगळं गाव तिला ‘वारूळ’ म्हणायचं. दिसायलाही ती तशीच होती. तांबूस, ओबडधोबड, वर निमुळती होत गेलेली आणि टोकाला धुराड्यासारखं भोक. वाळव्या आपल्या वारुळात वारा खेळता ठेवतात, त्याच युक्तीवर ती बांधली होती. भर उन्हाळ्यातही आत पंखा लागायचा नाही. माहितीपत्रकात तर छापलंच होतं, ‘स्वतः श्वास घेणारी इमारत’.

आता यात ‘स्वतः’ हा शब्द तेवढा खोटा होता. बाकी सगळं खरं.

इमारतीला श्वास घ्यायला लावायची दोन माणसं. एक तळघरात, एक धुराड्यात. तळघरातल्याला सगळे ‘खालचे’ म्हणत आणि धुराड्यातल्याला ‘वरचे’. आईबापांनी दोघांना चांगली नावं ठेवली होती, पण ती पगाराच्या दिवशीच कामाला येत. कागदोपत्री दोघेही माळी. इमारत स्वतः श्वास घेते म्हटल्यावर झडपा उघडणाऱ्या माणसाची जागा मंजूर कशी करणार? त्यामुळे जिच्याभोवती गवताचं पातं नाही, अशा फरसबंद इमारतीला सव्वीस वर्षं दोन माळी होते.

कामाची रीत ठरलेली होती. सकाळी खालच्यांनी तळघरातल्या चोवीस झडपा लांब दांड्याने उघडायच्या, म्हणजे रात्रभर साठलेली गार हवा जमिनीतल्या जाळ्यांमधून दालनात चढू लागते. मग भिंतीतल्या पोकळ लोखंडी नळावर दांड्याने दोन ठोके. ते ऐकून वरच्यांनी धुराड्यातल्या बारा झडपा उघडायच्या, म्हणजे दालनातली कोंदट हवा वरून निघून जाते. मग वरून तीन ठोके. वरच्या झडपा आधी उघडल्या तर कबुतरांची पिसं दालनात पडायची. खालच्या उघडून वरच्या बंदच राहिल्या तर तळघरातला गारवा फुकट जायचा आणि झडपा पुन्हा लावून घ्याव्या लागायच्या. म्हणून पक्का नियम होता, की वरून उत्तर आल्याशिवाय खालच्याने जागा सोडायची नाही. सव्वीस वर्षं रोज दोन ठोके गेले आणि तीन आले. एकदाच चार आले होते, तेव्हा वरच्यांना शिंक आली होती.

वारुळात जगभरच्या नामांकित इमारतींच्या प्रतिकृती मांडलेल्या होत्या. लोखंडी मनोरा, झुकलेला मनोरा, मोठमोठे घुमट, झाडांच्या बुंध्यांसारखे खांब असलेलं प्रार्थनामंदिर, आणि बंदरातलं ते पांढऱ्या छपरांचं नाट्यगृह. लोक येत, माना वाकवून चिमुकल्या इमारती बघत, ‘काय सुंदर!’ म्हणत आणि ज्या इमारतीत उभे आहेत तिच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जात. आणि आमच्या या दोन माळ्यांनी जगातलं सगळं थोर वास्तुशिल्प पाहिलं होतं ते एकाने जाळीतून, खालून, आणि दुसऱ्याने धुराड्यातून, वरून. समोरून कुणीच नाही. खालच्यांच्या मते जगात टेबलाचे पाय आणि लोकांच्या चपला याच मुख्य वास्तू. वरच्यांच्या मते झुकलेला मनोरा अजिबात झुकलेला नाही, लोक उगाच गवगवा करतात.

दुपारच्या चहाला दोघे मागच्या पायरीवर बसले की वाद सुरू व्हायचा. वरचे तरुणपणी भाजीच्या दुकानात होते, त्यामुळे त्यांना वरून जे दिसे ते भाजीच दिसे. घुमट म्हणजे कांदा. ती नवी काचेची उंच इमारत म्हणजे काकडी. खालचे पूर्वी नदीच्या तरीवर, होड्यांवर कामाला होते, त्यामुळे त्यांना खालून जे दिसे त्याला शीड असे.

“ते नाट्यगृह म्हणजे सरळ सरळ होडी आहे,” खालचे म्हणायचे. “शिडं फुगलीत, पाण्यावर निघालीय.”

“लसूण,” वरचे म्हणायचे. “सोललेला. सहा पाकळ्या सुट्या करून ठेवल्यात. तुम्ही एकदा वर येऊन बघा.”

“शहाण्णव पायऱ्या लसूण बघायला चढू?”

“नका चढू. पण मग होडी होडी करू नका.”

सव्वीस वर्षं हा वाद चालला. दोन देशांची भांडणंसुद्धा इतका वेळ टिकत नाहीत.

मग वरचे वारले. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी, घरी झोपेत. सकाळी खालच्यांनी दोन ठोके दिले, उत्तर आलं नाही, ते थांबले. साडेनऊ वाजता तिकीटबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली, “अहो खालचे, वर या. वरच्यांच्या घरून फोन आलाय.”

खालचे घरी जाऊन आले, खांदा देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सातला कामावर हजर झाले. खालच्या झडपा उघडल्या, शहाण्णव पायऱ्या चढून वरच्या उघडल्या आणि खाली उतरले. संध्याकाळी तेच उलट. चार महिने हेच चाललं. वरच्यांची बसायची चपटी उशी, कपची उडालेला कप आणि खिळ्याला अडकवलेला टॉवेल वर तसाच होता. खालचे त्याला वळसा घालून जात. वरून खाली दालन कसं दिसतं हे बघायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात तसं काहीच येत नव्हतं. रडू नाही, राग नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय असतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

त्यांची बायको मोठी हुशार बाई. तिने आठवड्याभरात ओळखलं, पण खात्री करून घ्यावी म्हणून एका रात्री भाजीत मीठच घातलं नाही. खालच्यांनी मुकाट्याने खाल्लं.

“कशी झालीय भाजी?”

“छान.”

“मीठ बरोबर आहे ना?”

“हं.”

दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या ताटात वेगळं मीठ घेऊन बसली. असे चार महिने गेले. खालच्यांचा रक्तदाब उतरला आणि डॉक्टर खूश झाला. ‘असेच राहा’ म्हणाला. बायकोने डॉक्टरकडे असं काही बघितलं की त्याने पुढची तारीख लांबची दिली.

या चार महिन्यांत वरचे गेल्याचं खालच्यांनी कुणालाही आपल्या तोंडाने सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नाही, सगळ्यांना ठाऊकच होतं. कुणी विषय काढला तर ते “हं” म्हणत. आणि रोज सकाळी खालच्या झडपा उघडल्या की हात आपोआप नळावर दोनदा पडायचा. मग ते जिन्याकडे वळायचे.

अशात वारुळाला पंचवीस वर्षांहून जास्त झाली म्हणून मानाचा फलक देण्यासाठी एक समिती येणार असं ठरलं. साहेब, म्हणजे वारुळाचे व्यवस्थापक, आनंदाने इतके फुगले की त्यांनाच एखादी झडप बसवावी लागते की काय असं वाटू लागलं. त्यांनी खालच्यांना खोलीत बोलावलं. बसा म्हणाले, म्हणजे काम अवघड होतं.

“समिती पहिल्यांदा श्वास बघायला येतेय,” साहेब म्हणाले. “मी दालन सकाळपासून बंद ठेवणार. सव्वाशे माणसं आत. थोडं कोंदट होऊ द्यायचं. अकरा दहाला मी भाषणात म्हणेन, ‘आणि आता ही इमारत श्वास घेईल’, आणि जाळीवर दोनदा पाय आपटेन. तुम्ही खालच्या उघडायच्या, मागच्या जिन्याने वर जायचं, वरच्या उघडायच्या. किती वेळ?”

“पाच मिनिटं.”

“तेवढं मी बोलून काढीन. मी वीस मिनिटंसुद्धा बोलू शकतो.”

“माहीत आहे,” खालचे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा मारायचं त्राण नव्हतं.

“पण तुम्ही कुणाला दिसायचं नाही. इमारत स्वतः श्वास घेते. कळलं? सगळं नीट पार पडलं तर निवृत्तीपर्यंत, पाच वर्षं, तुम्ही इथेच. मी शब्द देतो. पण उशीर झाला, किंवा कुणाला दिसलात, तर पुढच्या महिन्यात मी झडपांना मोटारी बसवतो. मग मात्र माझा इलाज नाही.”

खालचे बाहेर आले. तिकीटबाई खिडकीत बसून सगळं ऐकत होती, कारण साहेबांची खोली आणि तिची खिडकी यांच्यामध्ये फक्त एक फळी होती आणि त्या फळीला तिने कान दिलेला होता.

“काय हो खालचे, मोटारी आल्या तर काय करणार?”

“काय करणार?” खालच्यांनी तोच प्रश्न परत केला. सकाळी सहाला डोळे उघडत, पाय जमिनीवर पडत आणि पाय त्यांना वारुळाकडे नेत. पायांना जायला जागा आहे म्हणून ते उठत होते. ती जागा गेली असती तर ते अंथरुणातच बसून राहिले असते आणि बसलेत हेही त्यांना कळलं नसतं. एवढं मात्र त्या बधिर डोक्यालाही समजत होतं.

“मी सांगू? मोटार बिघडते. माणूस बिघडला तरी झडप उघडतो. तुमच्याकडे बघून सांगतेय,” तिकीटबाई म्हणाली.

“हं.”

“हं काय हं! चार महिने झाले, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. भिंत तरी आपला आवाज परत देते.”

समितीच्या दिवशी खालचे दहापासून तळघरात उभे होते. स्वच्छ सदरा, हातात दांडा. जाळीतून वर चपला येऊ लागल्या. सव्वीस वर्षं चपला बघितलेल्या माणसाला चेहरे लागत नाहीत. चकाकणारे, करकरणारे बूट साहेबांचे. गुडघ्यापर्यंत ओढलेले, सारखे खाजवले जाणारे मोजे समितीच्या अध्यक्षांचे. आणि एक जोड म्हातारा, मऊ पडलेल्या कातड्याचा, शेजारी रबरी टोकाची काठी. ती काठी येऊन नाट्यगृहाच्या टेबलाशी, बरोबर जाळीच्या कडेला थांबली. कुणीतरी खुर्ची आणली. साहेबांच्या आवाजावरून समजलं, की वारुळाचा नकाशा काढणाऱ्या आर्किटेक्टबाई त्या याच. आता ऐंशीच्या पुढे होत्या.

भाषण सुरू झालं. निसर्ग हाच पहिला वास्तुविशारद, मधमाश्या, शंख, कोळ्याचं जाळं, सगळे हजर झाले. हवा जड होत गेली. वर पत्रिकांनी वारा घालण्याची फडफड ऐकू येऊ लागली.

“आणि आता,” साहेबांचा आवाज चढला, “ही इमारत श्वास घेईल!”

धप, धप.

खालच्यांनी चोवीस झडपा उघडल्या. घाईत एकही चुकली नाही. मग दांडा नळावर दोनदा मारला. ठण, ठण. आणि ते थांबले.

चूक झाली ती इथे. घाईत, दडपणात माणूस स्वतःला सवयीच्या ताब्यात देतो. आणि खालच्यांची सवय चार महिन्यांची नव्हती, सव्वीस वर्षांची होती. उत्तर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. ते नळाकडे कान करून उभे राहिले. आपण थांबलोय हे त्यांना माहीतच नव्हतं. ते काम करत होते.

“…घेईल!” साहेब वर म्हणाले.

नळ गप्प.

“श्वास ही मोठी गूढ गोष्ट आहे,” साहेब म्हणाले आणि श्वासावर सात मिनिटं बोलले. मग परत, “आणि आता!” पत्रिकांची फडफड वाढली. एका बाईंनी पाणी मागितलं. अध्यक्षांनी मोजे खाली सारले. साहेबांचे बूट करकरत जाळीपाशी आले आणि धप, धप, धप, धप असे चार ठोके बसले. खालच्यांनी मान वर केली नाही. वरून तीन यायचे होते. चार हे उत्तर नव्हतं.

साहेब तिसऱ्यांदा “आणि आता” म्हणाले, तेव्हा मागे कुणीतरी हसलं.

मग काठीचं रबरी टोक जाळीवर टेकलं. म्हातारे बूट सरकले. खुर्ची कुरकुरली आणि जाळीच्या अगदी जवळून आवाज आला.

“खाली कोण आहे?”

“कोणी नाही,” खालचे म्हणाले. कुणाला दिसायचं नाही हे त्यांना पाठ होतं.

“मग बोलतंय कोण?”

यावर खालच्यांना बराच विचार करावा लागला. “खालचे.”

“दोन ठोके मी ऐकले. वरचा का उघडत नाही?”

“उत्तर आलं नाही.”

“का आलं नाही?”

खालच्यांनी नळाकडे पाहिलं. हातातल्या दांड्याकडे पाहिलं. आणि मग ते म्हणाले, “वारला.”

दालनातल्या हवेचे मार्ग बाईंनीच असे आखले होते, की तळघरातलं पुटपुटणंसुद्धा वर घुमावं. सव्वाशे माणसांनी ते ऐकलं. फडफड थांबली.

“कधी?”

“चार महिने झाले.”

“आणि तुम्ही ठोके देता.”

“हो.”

मग साहेबांनी तोंड उघडलं, “म्हणजे, बाई, ही एक तात्पुरती, पर्यायी…”

“तुम्ही जरा बसा,” बाई त्यांना म्हणाल्या आणि पुन्हा जाळीशी वाकल्या. “माझ्या नकाशात दोन माणसं होती. एक खाली, एक वर. दोन छोट्या खुर्च्या काढल्या होत्या मी. इमारत आपोआप श्वास घेते असं मी कधीच म्हटलं नाही. ते माहितीपत्रकवाल्याने म्हटलं.” मग हळू आवाजात, “जाता का वर? इथे उकडतंय.”

“जातो,” खालचे म्हणाले.

शहाण्णव पायऱ्या ते चढले. आता धावायचं कारण उरलं नव्हतं. दिसायचं नव्हतं, ते दिसले होते. उशीर करायचा नव्हता, तो झाला होता. मोटारी येणार. पुढच्या महिन्यात पायांना जायला जागा नसणार. हे सगळं त्यांना एखाद्या दुसऱ्याच माणसाबद्दल ऐकावं तसं कळत होतं. वर पोचल्यावर त्यांनी बारा झडपा उघडल्या. हवा सळसळत त्यांच्या अंगावरून वर गेली. त्यांचा सदरा फुगला. खाली ‘आहाहा’ असा मोठा आवाज झाला, जसा गाडी भरपूर लेट होऊन एकदाची फलाटावर लागते तेव्हा होतो.

त्या आवाजाने त्यांनी खाली पाहिलं. पहिल्यांदा.

टकलं, केस, वर वळलेले चेहरे. त्यांच्यामध्ये एक मोठा कांदा. एक काकडी. लोखंडी मनोरा म्हणजे नुसता चौकोनात चौकोन. झुकलेला मनोरा अजिबात झुकलेला नव्हता. आणि काठीवाल्या बाईंच्या शेजारी, पांढऱ्या, टोकदार, एकीला एक टेकलेल्या पाकळ्या.

खालचे बराच वेळ बघत राहिले. मग चपट्या उशीवर बसले.

“लसूणच आहे,” ते म्हणाले.

तिथे कुणी नव्हतं. त्यांनी दांड्याने नळावर तीन ठोके दिले, कारण झडपा उघडल्यावर ते द्यायचेच असतात.

त्या रात्री जेवताना त्यांनी दुसऱ्या घासाला हात थांबवला.

“खारट झालंय.”

बायकोने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. झालं होतं असं, की दुपारीच तिकीटबाईने तिला फोनवरून सगळी हकिकत रंगवून सांगितली होती आणि तिने आज मापाचं मीठ घातलं होतं.

“मापात आहे,” ती म्हणाली. “इतके दिवस नव्हतंच.”

“इतके दिवस?”

“चार महिने.”

“आणि तू काही बोलली नाहीस?”

“तुम्ही कुठे काय बोललात?”

खालचे जेवले. त्यांना विशेष काही वाटत होतं असं नाही. फक्त पाणी जास्त प्यायले.

साहेबांनी मोटारींचं पत्रक मागवलं, टेबलावर ठेवलं आणि रोज त्यावरून हात फिरवला. पण तीन आठवड्यांनी समितीचं पत्र आलं. स्वतः श्वास घेणाऱ्या इमारतींच्या गटात वारूळ बसत नव्हतं. मात्र बाईंनी मूळ नकाशा, दोन खुर्च्यांसकट, समितीला पाठवला होता आणि समितीने वेगळा फलक मंजूर केला होता, ‘माणसांच्या हातांनी श्वास घेणारी’. खाली अट होती, की नकाशाप्रमाणे दोन माणसं कामावर असावीत, नाहीतर फलक परत. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. फलक पितळी होता आणि मोठा होता. मोटारींचं पत्रक त्यांनी खणात टाकलं. आठवड्याभरात ते पाहुण्यांना सांगू लागले, “ही कल्पना मुळात आमचीच.” खालचे कागदावर माळ्याचे झडपवाले झाले.

वरची जागा तिकीटबाईने मागून घेतली. “खिडकीत बसून बसून माझ्या कमरेची कमान झालीय,” ती म्हणाली. “शहाण्णव पायऱ्या चढले तर सरळ तरी होईन.”

पहिल्या सकाळी खालचे चोवीस झडपा उघडून नळापाशी आले. दोन ठोके दिले. वरून बराच वेळ काही आलं नाही. खालच्यांचा हात दांड्यावर तसाच राहिला. मग नळातून धापा टाकल्याचा आवाज आला, काहीतरी घडाघडा पडलं, आणि ठण, ठण, ठण.

तीन. पण वेगळे. वरचे शेवटचा ठोका जरा हलका द्यायचे. ही बाई तिन्ही दार ठोठावल्यासारखे द्यायची.

“झालं बरोबर?” नळातून आवाज घुमला.

“ओरडायचं नसतं. ठोकेच पुरे.”

“मग बोलायचं कधी?”

खालचे नळाशी तोंड नेऊन म्हणाले, “बाई, त्या नाट्यगृहाकडे बघा. पांढरं. काय दिसतं?”

“कुठलं? हां, ते. इस्त्रीला काढलेल्या कॉलरी. एकात एक घालून ठेवलेल्या.”

“लसूण नाही?”

“लसूण कसला? चांगल्या कडक कॉलरी आहेत.”

खालचे दांडा हातात धरून उभे राहिले. वर हवा चालू झाली होती. दालनात पहिल्या चपला आल्या होत्या. कॉलरी. हे दुपारी चहाला सांगितलं असतं तर वरचे आठवडाभर हसले असते.

ते मागच्या पायरीवर चहाला बसले, तेव्हा त्यांनी उजव्या हाताची, वरच्यांची जागा रोजच्यासारखी मोकळी ठेवली. तिकीटबाई धापा टाकत आली, काही न विचारता तिथेच बसली आणि म्हणाली, “सरका जरा.”

खालचे सरकले.